निळ्या कडेचा वाडगा

शुक्रवारी दुपारी सुचेता बेसन आणायला बाहेर पडली तेव्हा तिच्या मनात भीतीचं नाव नव्हतं. होता तो नुसता उत्साह, आणि तोही असा उतू चाललेला, की दुकानदाराने काही विचारलेलं नसताना तिने त्याला सांगून टाकलं, "उद्या गोझोला चाललोय आम्ही. माल्टाच्या शेजारचं बेट. गेल्या वर्षीही गेलो होतो, आता परत!" दुकानदाराने हसून बेसनाची पिशवी पुढे सरकवली. गोझोचा आणि बेसनाचा संबंध काय, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? पण संबंध होता. तो कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून जरा मागे जाऊ या.

सुचेता आणि शशिधर मूळचे पुण्याचे, पण आता इतकी वर्षं इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये काढलेले, की हवेबद्दल तक्रार करायचंही सोडून दिलेलं. ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, तो फायनान्समध्ये. मुलगी वरदा ब्रिस्टलला इंजिनिअरिंग शिकत होती. सुचेताला इतिहासाचं वेड. गोझोवर पिरॅमिडपेक्षा जुनी दगडी देवळं आहेत हे वाचलं, आणि तिने घरी धोशाच लावला. शशिधरला देवळांचं सोयरसुतक नव्हतं. "सिंहगडाच्या पायथ्याशी वाढलो मी," तो म्हणाला, "आणि दगड बघायला विमानाने जायचं?" शेवटी गेल्या फेब्रुवारीत तो गेला तो बायकोच्या हट्टापायी, आणि विरघळला तो तिथल्या पाहुणचाराने. आधी पोटोबा मग विठोबा, असा त्याचा जन्माचा हिशेब.

पाहुणचार करणारीचं नाव कारमेना. ती घरमालकीण, खाली राहायची आणि वरची खोली पाहुण्यांना द्यायची. वय ऐंशीच्या घरात, अंगावर कायम काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. एकाच बोटात दोन अंगठ्या. एक बारीक, तिची स्वतःची. दुसरी जाड, पुरुषी, सैल होते म्हणून आतून दोरा गुंडाळलेली. रोज सकाळी ती निळ्या कडेचा मातीचा वाडगा दाराबाहेरच्या दगडी ओट्यावर ठेवायची आणि त्या जाड अंगठीने त्याच्या कडेवर वाजवायची. टक्... टक्. वाडग्यात कधी ताजं पांढरं चीज, कधी ऑलिव्ह तेलात भिजवलेला पाव, कधी बडीशेप घातलेली, मधाची गोल कड्यासारखी मिठाई. वाडगा ती नेमका शशिधरच्या बाजूला सरकवायची आणि त्याचं खाऊन होईपर्यंत हनुवटीला हात लावून बघत बसायची. सासूने जावयाचे लाड करावेत तसे लाड. शशिधर वाडगा चाटूनपुसून साफ करायचा.

आता सुचेता पडली पुण्याच्या शिस्तीतली. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे तिच्या आईने तिच्या हाडीमाशी भिनवलेलं. तिने बरोबर शंकरपाळ्यांचा डबा नेला होता. पहिल्याच संध्याकाळी तिने वाडगा धुतला, मूठभर शंकरपाळ्या घातल्या आणि खाली नेऊन दिला. कारमेना वाडग्यात बघतच राहिली. तिने छातीवर क्रॉस केला, मग एकदम हसू आणि रडू एकत्र येऊन सुचेताच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सुचेताला वाटलं, शंकरपाळी भलतीच आवडली! मग रोज सकाळी वाडगा भरून यायचा आणि रोज संध्याकाळी भरून जायचा.

निघायच्या सकाळी मात्र घोळ झाला. वादळामुळे बोटी बंद होतील म्हणून टॅक्सी लवकर आली, डबा संपलेला, खोलीत साखरेचा दाणा नाही. दुसरं कोणी असतं तर वाडगा धुऊन ओट्यावर ठेवून गेलं असतं. पण सुचेताला रिकामा वाडगा ठेववेना. शेवटी तिने तो स्वेटरमध्ये गुंडाळून सरळ बॅगेत घातला. पुढच्या वर्षी येऊ तेव्हा भरून देऊ, असं मनाशी ठरवून. रीत पाळायची म्हणून दुसऱ्याचं भांडं पळवणारी बाई पुण्याबाहेर सापडायची नाही!

त्यानंतर उन्हाळ्यात शशिधरची बायपास झाली. ऑपरेशन उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. पण मागच्या काचेच्या खोलीत तो जो खुर्चीत बसला, तो बसलाच. बोलणं नाही, भूक नाही, वरदाशी फोनवर हसणं नाही. माणूस बरा झाला होता, पण जिवंत झाला नव्हता. सुचेता रोज ऑफिसातून घरी येताना दार उघडायला भ्यायची. आणि मग डिसेंबरमध्ये एकदा, टीव्हीवर निळा समुद्र दिसत असताना, तो आपणहून म्हणाला, "सुचे, परत गोझोला जाऊ या का गं?" सुचेताने त्याच मिनिटाला लॅपटॉप उघडला. तिकिटं काढून झाल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली.

त्या दिवसापासून गडी पालटला. रोज चालायला लागला, नकाशे काढून बसायला लागला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशी त्याची बॅग आठवडाभर आधीच दारात येऊन उभी राहिली. आणि आता उड्डाण उद्यावर आलं होतं. कळलं ना बेसन कशाला ते? वाडगा भरून परत द्यायचा होता.

घरी येऊन सुचेताने लाडू वळले. बेसनाचा खमंग वास जिन्यापर्यंत गेला. कपाटावरून वाडगा काढला, धुतला, लाडवांनी शिगोशीग भरला आणि टेबलावर ठेवून ती वर बॅग बंद करायला गेली. तेवढ्यात वरदाचा फोन आला, तिच्या त्या इंग्लंडात वाढलेल्या मोडक्या मराठीत.

"आई, बाबाचा गोळ्या हँड बॅगेजमध्ये ठेवला ना? होल्डमध्ये टाकू नको हां."

"ठेवल्या गं बाई, ठेवल्या! बाबा नाचायचे बाकी आहेत फक्त."

"सो हॅपी! मला खूप फोटो पाठव."

ती खाली आली तेव्हा फेब्रुवारीतला तो लवकर येणारा अंधार खिडक्यांना येऊन चिकटला होता. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. तिने तो लावला, आणि थबकली.

वाडगा टेबलावर नव्हता. तो खिडकीच्या कट्ट्यावर होता, धुतलेला, पालथा. कडेवरून पाण्याचा थेंब अजून ओघळत होता. लाडू एकही नाही.

"अहो!" ती ओरडली. "तुपातले लाडू! एक खाल्ला असतात तर मी काही म्हटलं नसतं, पण सगळे? डॉक्टरांना काय सांगू मी?"

शशिधर काचेच्या खोलीतून डोकावला. चेहरा अगदी खुशीत.

"मी कशाला खाऊ? त्या घेऊन गेल्या ना."

"कोण त्या?"

"कारमेनाबाई. मागच्या दाराने आल्या होत्या. मी म्हटलं बसा, तर नुसत्या हसल्या. रुमालात बांधून घेतले आणि वाडगा धुऊन ठेवला बघ."

सुचेता हसली. गोळ्यांनी पेंगतो कधीकधी, स्वप्न पडलं असेल, आणि लाडू... लाडू असतील यानेच कुठेतरी लपवलेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची याला सवयच आहे. हसता हसता तिच्या नाकाला वास आला. बेसनाचा नव्हे. बडीशेपेचा. गरम मधात परतलेल्या बडीशेपेचा. तिच्या घरात बडीशेप नव्हतीच, केव्हाच संपली होती.

मागच्या दाराच्या कडीवर काहीतरी पिवळं दिसलं. तिने बोट लावलं. बारीक, मऊ भुकटी. गोझोवरची घरं अशा पिवळ्या दगडाची असतात, की भिंतीला खांदा घासला तरी कपडे पिवळे होतात. बॅगेतून आली असेल, गेल्या वर्षीची. तिने ओट्यावरच्या फडक्याने कडी पुसली, आणि फडकं सरळ कचऱ्यात टाकलं. असं का केलं, ते तिला सांगता आलं नसतं.

कारमेनाच्या भाच्याला, साल्वूला, बोटीची वेळ कळवायची राहिली होती. बुकिंग वगैरे सगळं तोच बघायचा. सुचेताने वर जाऊन त्याला फोन लावला. साल्वू सावकाश, साधं इंग्रजी बोलायचा.

"उद्या बंदरावर येतो मी घ्यायला," तो म्हणाला. "एक सांगायचं होतं. म्हटलं, तुम्ही आल्यावर समोरच सांगू. मावशी गेली. नोव्हेंबरमध्ये."

सुचेता पलंगावर बसली.

"त्रास नाही झाला तिला. पण शेवटपर्यंत तुमचीच आठवण. म्हणायची, माझा वाडगा इंग्लंडला आहे." तो हळूच हसला. "म्हातारी माणसं... तुम्हाला ठाऊक नसेल. तो वाडगा जान्नीकाकांचा. तिच्या नवऱ्याचा. ते होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. मावशी रोज सकाळी त्यांचा वाटा त्यात घालून ओट्यावर ठेवायची. मांजरं खायची. तुमच्या मिस्टरांना तिने तो वाटा दिला, तेव्हा आम्हाला सगळ्यांना नवल वाटलं."

"त्यांचा... वाटा?"

"हो. आणि मग तुम्ही वाडगा भरून परत पाठवलात! इतकी वर्षं तिच्याकडून जात होतं, तिकडून कधी काही आलं नव्हतं. ती गावभर सांगत सुटली, माझ्या जान्नीने उत्तर पाठवलं. आम्हीही तिला समजावलं नाही. आनंदात होती. तुम्ही गेलात तेव्हा म्हणाली, वाडगा बरोबर नेलाय, म्हणजे परत येणार."

फोन ठेवल्यावर सुचेताला कारमेनाची ती नजर आठवली. हनुवटीला हात लावून, एकटक. तिला लाड वाटले होते ते. ती लाडकौतुकाची नजर नव्हती हो. ती बायकोची नजर होती.

खालून चमच्याचा आवाज येत होता.

ती जिना उतरून आली. शशिधर टेबलाशी बसला होता. पुढ्यात निळ्या कडेचा वाडगा, वाडग्यात मधात माखलेल्या कड्यांचे तुकडे आणि पांढरंशुभ्र चीज. तो जेवत होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो असा जेवत होता, मान खाली घालून, मन लावून. गालांवर रंग आला होता.

"कधी आणलंस गं हे?" तोंडात घास ठेवूनच तो म्हणाला. "अगदी तिथल्यासारखं आहे. जिवात जीव आला."

हा रंग त्याच्या गालांवर यावा म्हणून तिने उन्हाळ्यापासून किती देव पाण्यात ठेवले होते. आणि तो आला होता, पण कोणाच्या हातचं खाऊन?

त्याने शेवटचा तुकडा उचलला, बोट फिरवून मध पुसून घेतला. वाडगा लख्ख रिकामा झाला.

मागच्या दाराच्या काचेवर आवाज झाला.

टक्... टक्.

"आल्या वाटतं," शशिधर म्हणाला. "वाडगा द्यायला हवा. रिकामा नको देऊस, बरं दिसत नाही ते."

"अहो... दार नका उघडू..."

"अगं, असं काय करतेस? काही नसलं घालायला..." त्याने वाडगा दोन्ही हातांत धरला आणि तो उठला. स्वर अगदी साधा होता, कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्यासारखा. "काही नसलं तर मीच जातो त्यांच्याबरोबर."

तेव्हा सुचेताला सगळं एकदम उमगलं. वाडगा तिथून भरून येणार, इथून भरून जाणार, आणि या देवघेवीला शेवट नाही. ही गाठ तिनेच बांधली होती, शंकरपाळ्या घालून घालून. आता सोडवायची तर एकच वाट होती, आणि ती तिच्या सात पिढ्यांत कोणी चालली नव्हती.

तिने त्याच्या हातातून वाडगा हिसकावला. नळाखाली धरला, घासला. मग स्वतःच्या ओढणीने कोरडा केला, आत, बाहेर, पुन्हा आत, पाण्याचा एक थेंबही देणं म्हणून राहू नये असा. शशिधर "अगं, अगं" म्हणत राहिला. ती दाराशी गेली. काचेपलीकडे काळोख होता, त्यात आणखी काळं काही असेल तर तिने बघितलं नाही. दार फटीपुरतं उघडून तिने वाडगा पायरीवर ठेवला.

"घ्या," ती मराठीतच म्हणाली. "रिकामा आहे. आमच्याकडून काही नाही. कधीच काही नव्हतं. हा माझा नवरा आहे."

इतकं दुष्ट वाक्य ती आयुष्यात कोणाला बोलली नव्हती. एका म्हातारीला, जिने तिच्या गालांचे मुके घेतले होते. तिने दार लावलं, कडी घातली, आणि लाजेने तिचं अंग अंग पेटलं. बाहेर मातीच्या कडेवर धातू लागल्याचा आवाज झाला. एकदाच. मग कोणीतरी खोल श्वास सोडला, आणि बडीशेपेचा वास हळूहळू विरून गेला.

शशिधर खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. सुचेताने त्याच्या छातीला कान लावून ठोके मोजले नाहीत, नुसते ऐकले. मग गोझोचं बुकिंग रद्द केलं आणि माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात, चांगलं भरवस्तीतलं हॉटेल घेतलं. सहलच रद्द करावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण त्या काचेच्या खोलीतली ती खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. पुन्हा त्या खुर्चीत त्याला बसवायचं? छे! देणंघेणं मिटलं होतं. आता जायचं ते माल्टाच्या जुन्या ख्रिस्ती सरदारांचे किल्ले बघायला, उन्हात भटकायला.

सकाळी तिने मागचं दार उघडलं. पायरी मोकळी होती. ना वाडगा, ना भुकटी. बागेत रॉबिन पक्षी ओरडत होता. सुचेताला इतकं हलकं वाटलं, की तिने चहा करता करता गाणं म्हटलं. शशिधर तर तिच्याही आधी उठून, दाढी करून, बूट घालून तयार. हॉटेलचं सांगितलं तेव्हा तो रुसेल असं तिला वाटलं होतं, पण तो नुसता हसला.

"तू म्हणशील तसं."

टॅक्सी वेळेवर आली. मोटरवेवर चक्क ऊन होतं. सुचेता उत्साहाने बोलत सुटली होती: कुठला किल्ला आधी, कुठलं म्युझियम नंतर, आणि या वेळी पायऱ्या चढताना घाई करायची नाही. शशिधर खिडकीला टेकून बाहेर बघत होता. चेहरा पोराचा झाला होता.

"कधी एकदा घरी पोचतोय असं झालंय," तो म्हणाला.

"घरी? आत्ताच तर निघालो आपण."

तो पुन्हा बाहेर बघायला लागला. बोटाने काचेवर ताल धरला होता त्याने, आपल्याच नादात.

टक्... टक्.

सुचेताने त्याच्या हाताकडे पाहिलं. शशिधरला अंगठीचा तिटकारा. लग्नातली अंगठीसुद्धा त्याने वर्ष व्हायच्या आत काढून पुण्याच्या लॉकरमध्ये टाकली होती. आता बोटात जाड, जुनी अंगठी होती. दोरा नव्हता. दोऱ्याची गरजच नव्हती, इतकी ती बरोबर बसली होती.

"ही... कुठे मिळाली?"

"पायरीवर. पहाटे तुझ्या आधी मीच वाडगा आत घेतला. तू उगाच भ्यालीस हं. तू रिकामा दिलास, पण त्यांनी नाही दिला." त्याने मायेने तिचा हात थोपटला. "वाडगा बॅगेत ठेवलाय, कपड्यांत गुंडाळून. फुटायचा नाही. आणि साल्वूला कळवलंय मी, घर उघडून ठेव म्हणून."

"काढा ती." तिने त्याचं बोट धरलं. "अहो, काढा म्हणते ना..."

"काढ की," तो हसून म्हणाला, आणि हात तिच्या स्वाधीन केला.

तिने जोर लावून अंगठी ओढली. ती पेरापर्यंत सरकली आणि अडली. पण तेवढ्याने खालची कातडी उघडी पडली. ऊन थेट त्या बोटावर पडलं होतं. ज्या बोटात त्याने इतक्या वर्षांत काही घातलं नव्हतं, त्या बोटाला पांढराफटक, खोल रुतलेला वळ होता, वर्षानुवर्षं अंगठी न काढलेल्या माणसाच्या बोटाला असतो तसा.